बोटं नसलेली भाकर

नवीन जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. साबण, काडीपेटी, गोडंतेल, असलं नेहमीचं सामान. एका सकाळी दूध आणायला गेलो, तर काउंटरवर पावाच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी रचून ठेवलेल्या. मी वाकून परत बघितलं. विकतची भाकर! आमच्या जाफराबादकडच्या गावात हे सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

"मशीनची हाये," दुकानदार म्हणाला. "बिलकुल ताजी. बँकेतले, कंपनीतले लोक घेऊन जाऊन राह्यले."

मी हरखलोच. घरी लकवा मारलेली आई होती. उजवा हात गेलेला, नजर त्याआधीच अधू झालेली. गावाकडून तिला मी माझ्या दोन खोल्यांत आणलं होतं. लग्न मी केलं नाही, स्वयंपाकात चहापलीकडे मजल नाही, आणि पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना भाकर थापणं जमत नव्हतं. आईला पोळी नको असायची. "हे सणासुदीचं खाणं. रोज कसं खाऊ?" म्हणायची आणि ताट सारायची. हाडांची नुसती काडं झाली होती. खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नळीला ती मरणापेक्षा जास्त भ्यायची. मीही भ्यायचो.

भाकर तव्यावर गरम करून मी तिच्यापुढे ठेवली. तिने डावा हात भाकरीवरून फिरवला.

"कुणाची भाकर हाय ही?"

"मावशींनी केली."

"खोटं नको बोलू. हिच्यात बोटं न्हाईत."

थापलेल्या भाकरीवर करणारीच्या बोटांचे ठसे राहतात. गावात शेजारून भाकर आली की आई नुसती हातात घेऊन सांगायची, कुणाच्या चुलीवरची ते. ही मात्र पाटीसारखी सपाट. तिने ती बाजूला ठेवली. मला असा संताप आला! मरायला टेकलेल्या माणसाने एवढे नखरे करावेत? मी ताट उचलून मोरीत आपटलं.

दुसऱ्या दिवशी भाकरीवर पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केली आणि थापल्यासारखी चारी बोटं दाबत गेलो. मग तव्यावर शेकून वाढली.

तिचा हात फिरता फिरता थांबला.

"ही बोटं तुझी हायत."

मी ताट तिच्या अजून जवळ सरकवलं.

"बाप्याची बोटं कळत न्हाईत व्हय मला?" ती म्हणाली. पुन्हा एकदा ठशांवरून हात फिरवून म्हणाली, "दूध घाल मंग. चुरून दे."

तिने अख्खी भाकर खाल्ली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

मग ते रोजचंच झालं. मी आणायचो, भिजवायचो, दाबायचो. आई आधी बोटं चाचपायची, मगच घास घ्यायची. "साहेब, गोडी लागली वाटतं," दुकानदार चिडवायचा. लागली म्हणायचो. तिच्या अंगावर जरा तुकतुकी आली होती आणि मला वाटायला लागलं होतं, आपण जिंकलो.

थंडी पडली तशी ती म्हणाली, "जरा दाबून उमटव. कळून न्हाई राह्यलं."

मी जोर लावला. पुढच्या आठवड्यात परत तेच. "अजून दाब, बाबा." डाव्या हातातून चहाची कपबशीही निसटायला लागली होती. काय होतंय ते मला दिसत होतं, पण ते तोंडाने म्हणायची माझी तयारी नव्हती. मी भाकरीवरच राग काढत राहिलो.

एक दिवस इतकं दाबलं की भाकरीला आरपार भोकं पडली. ताट पुढे केलं. तिने हात फिरवला. भोकांवरून, काठावरून, परत मध्ये.

"हिच्यात बोटं न्हाईत," ती म्हणाली आणि ताट सारलं.

"हायत की माय, हे बघ." मी तिचा हात धरला आणि माझी बोटं तिच्या बोटांत घालून घट्ट दाबली.

"कुठं?" ती म्हणाली.