चाळीस वॅटचा सप्लाय

नागपुरात धरमपेठेत मी व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं ते शहाऐंशी साली. घरचे म्हणाले, "वामन, तुझं वय काय अन् धंदा काय?" मी कोणाचं ऐकणाऱ्यातला नाही. दिवाळीआधी मोटारींच्या शर्यतीचा नवा रंगीत खेळ आणला, पण जुन्या पॉवर सप्लायवर तो दर पाच मिनिटांनी बंद पडायचा. पोरं शिव्या देऊन निघून जायची. शेवटी मी बळीराम मेश्रामकडे गेलो.

बळीराम हिंगण्याच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायचा आणि सुटीच्या दिवशी घरी लोकांचे सप्लाय बनवून द्यायचा. पन्नाशीला टेकत आलेला, अबोल आणि कामात इतका संथ, की माझ्यासारख्याचं डोकंच फिरावं.

"मशीनच्या पट्टीवर लिवलं हाय तेवढ्या ताकदीचा दे," मी म्हणालो. "मले आजच पाहिजे."

"मशीन इथं घेऊन या. तासभर चालवून पाहू."

"काहून गा? लिवलेलं खोटं हाय का?"

तो पुन्हा कॉइल गुंडाळू लागला. मी झक मारत रिक्षातून मशीन आणलं. त्यानं पट्टीवरच्या ताकदीचा एक सप्लाय जोडला आणि मला खेळायला बसवलं. तासभर मी मोटारी आपटत राहिलो. मग त्यानं तापलेल्या सप्लायवर तळहात ठेवला आणि ओठातल्या ओठात 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण म्हणू लागला. तिन्ही वेळा म्हणून होईपर्यंत हात टिकला तर सप्लाय पास, ही त्याची परीक्षा. दुसऱ्यांदा म्हणतानाच त्यानं हात उचलला.

"दुप्पट ताकदीचा लागन," तो म्हणाला.

"तू गिऱ्हाइकाले येडा समजतं का?" मी तडकलो.

तो रागावला नाही. सप्लाय सोडवत त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मला माझ्या जिभेची लाज वाटली.

छप्पन साली त्याचे आईबाप दीक्षा घ्यायला कुहीकडच्या गावातून पायी नागपूरला निघाले होते. परतली ती एकटी माय, अंजनाबाई. बाप वाटेत वारला, एवढंच बळीरामला ठाऊक. कसा वारला, शेवटी काय बोलला, हे विचारलं की माय उठून चुलीपाशी जायची. वीस वर्षं त्यानं वाट पाहिली. मग एका वर्षी, दीक्षेच्या दिवसाला आठवडा राहिला असताना, माय म्हणाली, "विहारात माइकवर सांगतो. एकदाच सांगतो, सगळ्याइले."

वस्तीतल्या विहाराच्या अॅम्प्लिफायरचा सप्लाय जळलेला होता. बळीरामनं मोठ्या हौसेनं नवा केला. अॅम्प्लिफायरच्या पट्टीवर चाळीस वॅट लिहिलेलं, म्हणून त्यानंही चाळीसचाच केला.

"चाळीस वॅट म्हणजे भोंग्यातून बाहेर पडते ते, वामनराव. आत अॅम्प्लिफायर ऐंशी ओढून राहिला होता. रोज कॉइली गुंडाळणारा माणूस मी, अन् मले समजलं नाही."

दीक्षेच्या दिवशी सकाळपासून गाणी वाजत होती आणि सप्लाय तापत गेला. दुपारी माय उभी राहिली. दोन वाक्यं झाली न झाली तोच जळका वास आला आणि भोंगा बंद पडला. बळीराम स्टेजमागे धावला, स्क्रू खोलत बसला. मायला माइकचं काय कळणार? ती बोलतच राहिली. तिचा आवाज मुळातच बारीक, त्यात मंडपात पोरांचा कालवा. पुढच्या रांगेतल्या जिजाबाईला त्यानं नंतर विचारलं, तर ती म्हणाली, "शेवटी रडली बाप्पा, एवढं दिसलं."

घरी जाताना मायनं विचारलं, "आईकू आलं का गा तुले?"

जन्मात पहिल्यांदा ती चारचौघांत बोलली होती. बळीराम म्हणाला, "आलं, माय. सगळं आलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं. आता पुन्हा सांगाचं काम नाही."

मी विचारलं, "मग तू मागून कधी विचारलं नाही?"

"कसं विचारू?" बळीराम म्हणाला. "सगळं आईकलं म्हणून सांगून बसलो होतो. अन् होळीच्या आत ती गेली."