ओंकारने फोडलेली काच

मुलुंडच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. स्टाफरूममध्ये चहाला बसलं की सगळे माझ्याकडे किस्से मागतात. मी नावं गाळून सांगते. ते हसतात, मीही हसते आणि घरी गेल्यावर त्याच किश्श्यांनी जिवाला घोर लागतो.

*

मुली माझ्याकडे घोळक्याने येतात. रडणारी एक, तिला धरून आणणाऱ्या तिघी-चौघी. एकदा तर मैत्रिणीच इतक्या रडल्या की जिच्यासाठी आल्या होत्या, तीच त्यांना पाणी देत होती!

*

मुलगे येत नाहीत, आणले जातात. पीटीचे सावंत सर मालवणचे. मारामारी करणाऱ्याची कॉलर धरून दारात उभे राहतात. "मॅडम, ह्येका जरा समजावा." त्यामुळे माझी खोली म्हणजे शिक्षा, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

*

आठवीतली एक मुलगी रोज भरलेला डबा परत न्यायची. तिच्या आईला बोलावलं, तर म्हणाली, "मुलींचं ह्या वयात असंच असतं हो मॅडम. रडेल नि गप्प बसेल." पुन्हा बोलावलं, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी मात्र तीच रडली. हल्ली मुलगी माझ्यासमोर बसून अर्धा डबा खाते.

*

नववीतला ओंकार बडबड्या होता. अचानक बोलायचाच थांबला. मी त्याच्या आईला फोन केला, तर ती खूशच होती. "किती शांत झालाय! आधी नुसतं डोकं खायचा. तक्रार नाहीये ना काही? मग कशाला येऊ?"

शेवटी ओंकारलाच जिन्यात गाठलं. म्हटलं, "ये ना कधीतरी माझ्याकडे."

"मी काय केलं?" एवढंच बोलून तो गेला. मला भीती वाटायला लागली.

*

पुढच्या आठवड्यात तो एकटाच दारात उभा. म्हणाला, "सावंत सरांनी पाठवलंय. मी काच फोडली."

बसवलं. बराच वेळ नखं कुरतडत होता. मग हळूहळू बोलला. सकाळी उठावंसंच वाटत नाही, म्हणाला. आणखीही बरंच बोलला, ते मी इथे सांगणार नाही.

त्याला तिथेच बसवून मी बाहेर आले आणि सावंत सरांना काचेचं विचारलं.

"खंयची काच? आज कायच फुटूक नाय."

मी त्याच्या आईला फोन लावला. या वेळी म्हटलं, "तक्रार आहे. लगेच या."

धापा टाकत आली बिचारी. "काय केलं त्याने?"

"काच फोडली," मी म्हटलं. "बसा."