कपाळावरचं भोक

पडेगावच्या रस्त्यावर स्कूटर घसरून माझ्या नवऱ्याचं कपाळ फुटलं. टाके पडले, जखम भरली. काही महिन्यांनी त्याच जागी भोक पडलं आणि त्यातून पू वाहायला लागला. गोळ्या घेतल्या की सुकायचा, संपल्या की पुन्हा सुरू. उशीला सडक्या कांद्याचा वास यायचा. मी अंथरूण वेगळं केलं. बायकोनं असं करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा ती उशी धुऊन बघावी.

त्यात भेटायला येणारे नातेवाईक. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून जो तो अंगारा आणायचा, कुणी देवळातला, कुणी दर्ग्यातला. मी हातमोजे घालून बांधलेली पट्टी सासूबाई खुशाल बाजूला सारायच्या आणि चिमूट थेट भोकावर टेकवायच्या. आणि हे, पन्नाशीचा बाप्या, मुकाट मान खाली घालायचे.

"आई, जखमेत राख घालू नका," मी म्हणायची.

"लोकं इतक्या मायेनं आणतेत. नाय कसं म्हणू? अन् कपाळाला नाय तर कुठं लावू?"

शेवटी डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, कवटीचं हाड कुजलंय, गोळ्यांचा तिथं उपयोग नाही, कापूनच काढावं लागेल. ऑपरेशननंतर त्यांनी तो तुकडा मला ट्रेमध्ये दाखवला. वाळवी लागलेल्या लाकडासारखा भुरभुरीत. शेजारी भोकाभोवतीची कापलेली कातडी होती, तिच्यात राखेचा काळा थर. हाड मी बघू शकले, राख दिसल्यावर मात्र मी ट्रे बाजूला सारला.

"आता इथं नुसती कातडी आहे," डॉक्टर म्हणाले. "जंतू पूर्ण गेल्याशिवाय हाडाच्या जागी प्लेट बसवता येणार नाही. पुन्हा पू झाला तर मेंदूपर्यंत जाईल."

हे सगळं सासूबाईंनीही ऐकलं होतं. तरी घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या पुडी घेऊन आल्या. ह्यांच्या कपाळात आमटीच्या वाटीएवढा खड्डा, टाके नुकते निघालेले. ह्यांनी सवयीनं मान खाली घातली.

हातमोजे शोधायला वेळ नव्हता. मी नुकताच धुतलेला तळहात त्या खड्ड्यावर झाकला. खाली काहीतरी ऊन, लिबलिबीत, धडधडत होतं. किळसेनं अंगावर काटा आला. तरी हात काढला नाही.

सासूबाईंनी चिमूट उचललेलीच होती. ती त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर लावली.