गोफणीच्या टप्प्यात

आमच्या पिंपरी पेंढारातून समुद्र दिसत नाही. कितीही उंच झाडावर चढा, नाही दिसत. आम्हाला पाणी ठाऊक ते विहिरीचं, शेततळ्याचं आणि आवर्तन सुटलं तर कालव्याचं. असल्या गावातलं माझं पोरगं जहाजावर नोकरीला लागलं, तेव्हा सगळ्या भावकीनं तोंडात बोटं घातली. विहिरीत पोहायला शिकताना कमरेला डबा बांधलेला असूनही बोंबलणारं पोरगं ते! पण हात यंत्रात बसलेला. द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर बिघडला की मिस्त्री यायच्या आत हा तो खोलून बसायचा आणि मिस्त्री आल्यावर त्यालाच चहा पाजून परत पाठवायचा. तीच विद्या कामाला आली. आता तो मोठ्या मालवाहू जहाजाच्या इंजिन खोलीत फिटर आहे.

पुढचं सांगण्याआधी आमच्या घरातली एक रीत सांगते. सासूबाईंनी घालून दिलेली. बागेत बुजगावणं उभं करायचं, तर त्याला घरातल्या सगळ्यात तापट माणसाचे कपडे घालायचे. सासूबाई म्हणायच्या, "पाखरांला समदं कळतं. गरीब माणसाचा सदरा घातला तर खांद्यावर बसून घाण करत्यात." आधी मामंजींची बंडी असायची. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच हंगामात मामंजींची बंडी उतरली, माझं जुनं पातळ चढलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही! तेव्हापासून बागेत मीच उभी आहे. पोरगा हाताशी आल्यावर बुजगावणं करायचं काम त्याच्याकडे गेलं. तो पदर कमरेला खोचायचा, हात वर बांधायचा, हातात गोफण द्यायचा, आणि मडक्यावर कोळशानं अशा काही भुवया काढायचा की एकदा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

"ह्यात खोटं काय हाय, आई?" पाठ चोळत म्हणाला होता.

गोफण मात्र खरी माझीच. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. लहानपणी माळ्यावर उभं राहून बाजरी राखली आहे मी. चिमणी उडवायची की माळ्याखाली बसलेल्या भावाच्या हातातली भाकरी उडवायची, हे मी ठरवायचे. आजही द्राक्षात गोडी उतरायला लागली की साळुंक्या-बुलबुल थव्यानं येतात. मग जाळी असो, बागेभोवती बांधलेल्या जुन्या साड्या असोत, गोफणीशिवाय माझं भागत नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या तांबड्या समुद्रात भांडण पेटलं. भांडण दुसऱ्यांचं, रागही दुसऱ्यांचा, आणि ड्रोन पडायला लागले येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर. म्हणतात ना, रेड्या-म्हशीची टक्कर आणि झाडाला काळ, तसं. ड्रोन म्हणजे आमच्याकडे काय? लग्नात वरातीवर घिरट्या घालतो तो. उसावर औषध मारतो तो. वनखात्याची माणसं बिबट्या हुडकायला उडवतात तो. तेच घोंगावणारं भूत स्फोटकं घेऊन जहाजावर पडतं, हे टीव्हीवर पाहिलं आणि माझा घास तोंडातच राहिला.

मला हे प्रकरण नीट समजावून सांगितलं ते नारायणगावच्या शेठजींनी. आमची काळी द्राक्षं घेऊन ते परदेशी पाठवतात. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन इथं दुकान टाकलं. आता शेठजींचं मराठी आमच्या ह्यांच्यापेक्षा शुद्ध आहे.

"वहिनी, माळशेज घाटात दरड पडली तर आपला कल्याणचा टेम्पो काय करतो?"

"पुण्यावरनं जातो. लोणावळ्याकडनं."

"बस्स. तांबडा समुद्र म्हणजे माळशेज. दरड पडलीय. आता जहाजांनी आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायचा. आपली द्राक्षं पोचेपर्यंत मनुके होतायत."

आमचे हे तर त्या दिवसापासून आरमाराचे सेनापतीच झाले. ओट्यावर चार माणसं जमली की द्राक्षाच्या भावाऐवजी युद्धनौका. कुठल्या देशाची नौका कुठं उभी, आपलं नौदल कुणाला सोबत करतंय, समुद्राच्या तोंडाशी असलेली चिंचोळी खिंड कुणाच्या तोफेच्या टप्प्यात. "घाटघरला जाऊन बघा," हे सांगायचे. "नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण हाय का न्हाई? त्या काळी ह्याच समुद्रातनं माल यायचा आपल्याकडं. ज्याच्या हातात खिंड, त्याची मर्जी. काय बी बदललं न्हाई, राव." एकदा कुणीतरी म्हणालं की स्वस्तातला एक ड्रोन पाडायला युद्धनौका महागडं क्षेपणास्त्र सोडते, आणि समोरच्याला तेच पाहिजे असतं.

"मग त्यांच्यात गोफण कुणाला येत न्हाई का?" मी आतून विचारलं. सगळे हसले. हसा म्हटलं, तुमचं काय जातंय.

माझं जात होतं. पोरगा फोनवर सांगायचा, "आई, आमी लांबच्या वाटेनं चाललोय, आफ्रिकेकडनं. तू निवांत राहा." ह्यांनी फोनवर एक ॲप घेतलं होतं. त्यात समुद्र निळा दिसतो आणि प्रत्येक जहाजाचा एक बाण. सकाळी चहाबरोबर हे मला पोराचा बाण दाखवायचे आणि मी त्या बाणाला मनातल्या मनात हात जोडायचे. मग एक दिवस ह्यांनी फोन खिशातच ठेवला. "रेंज न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही रेंज नाही. त्याच फोनवर भावकीतल्या बायकांचे सुप्रभातचे फुलांचे फोटो मात्र बदाबदा येत होते.

मी नारायणगावला शेठजींकडे द्राक्षाची खोकी आणायला गेले आणि सहज विचारलं, शेठजी, ॲपमधला बाण कधी कधी दिसेनासा होतो का?

"होतो ना, वहिनी," शेठजी मन लावून सांगायला लागले. "खिंडीत शिरताना काही जहाजं आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र मुद्दाम बंद करतात. म्हणजे वैऱ्याला दिसायला नको. काही तर यंत्रावर लिहून टाकतात, आमचा ह्या भांडणाशी संबंध नाही बाबा. बाण गेला म्हणजे जहाज लपून..."

इथं त्यांना कळलं आपण कुणाशी बोलतोय ते. बिचारे आधीच नीट रचलेली खोकी पुन्हा रचायला लागले.

"म्हंजी माझा पोरगा खिंडीत हाय," मी म्हटलं. शेठजींनी नाही म्हटलं नाही.

घरी येऊन मी ह्यांना धारेवर धरलं. ह्यांना सगळं ठाऊक होतं! कंपनीनं ऐनवेळी वाट बदलली होती आणि पोरानं बापाला सांगितलं होतं, "आबा, आईला सांगू नका. ती ओरडंल."

ओरडेल! वरनं ड्रोन पडतायत आणि पोराला भीती कशाची, तर माझ्या ओरडण्याची. मी त्या क्षणापासून ह्यांच्याशी बोलणं टाकलं. चहा ठेवायचा, पण कप आपटून.

सरळ सांगते, मी फार घाबरले होते. भांडकुदळ माणूस घाबरत नाही असं लोकांना वाटतं. पण मला रात्री डोळा लागत नव्हता आणि दिवसा घास उतरत नव्हता. पोरानं एकदा दुसऱ्या जहाजावरच्या पोरांकडून ऐकून सांगितलं होतं, ते ड्रोन दिसायच्या आधी ऐकू येतं, लांबून, आपला ब्लोअर शेजारच्या बागेत चालू असल्यासारखं. तेव्हापासून कुठंही ब्लोअर सुरू झाला की मी हातातलं काम टाकून आभाळाकडे बघायचे. आणि द्राक्षाच्या हंगामात आमच्या शिवारात ब्लोअर बंद तरी कधी असतात?

अशातच एका सकाळी मी बांधावर पाखरं राखत उभी होते. पदर खोचलेला, ओटीत खडे, हातात गोफण. आणि आवाज आला. घूंऽऽ. शेजारच्या बागेतून नाही, डोक्यावरून. मान वर केली तर तेच ते चार पंखांचं भूत, माझ्या बागेवर, खाली खाली येत चाललेलं!

मी विचार केला असं म्हणणार नाही. हातानं केला. गोफण डोक्यावरून फिरली, दोरी सुटली, आणि खडाक्! ते मेलं एका अंगावर कललं, भेलकांडलं आणि कुंपणाला बांधलेल्या साड्यांत जाऊन अडकलं.

"घ्या मेल्यांनो!" मी ओरडले. तांबड्या समुद्रापर्यंत पोचावं एवढ्या मोठ्यानं.

तेवढ्यात वेलींच्या आतून किंकाळी आली. "मोठी आई! अगं काय केलंस!" आणि द्राक्षाच्या घडांखालून बाहेर आली माझी पुतणी, झुळझुळीत झग्यात, तोंडाला हा एवढा मेकअप, मागून काळा कोट घालून तिचा होणारा नवरा, आणि त्यांच्या मागून हातात रिमोट धरून रडकुंडीला आलेला ड्रोनवाला. प्री-वेडिंगचं शूटिंग! ह्यांनी परवानगी दिली होती. मला सांगायचं राहून गेलं, कारण मी बोलत नव्हते आणि ह्यांची स्वतःहून बोलायची हिंमत नव्हती.

होणारे जावई मात्र शहाणे. साड्यांत लोंबकळणाऱ्या ड्रोनकडे बघून, मग माझ्याकडे बघून, हळूच म्हणाले, "नेम लई भारी हाय." मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी बांधावर मटकन बसले आणि ढसाढसा रडले. पुतणीला सगळं ठाऊक होतं. ती झग्यासकट मातीत बसली, मला मिठी मारली आणि माझ्याबरोबर रडायला लागली. तिची एक खोटी पापणी माझ्या पोलक्याला चिकटली. हे धावत आले, काय करावं न कळून माझ्या हातातली गोफण काढून घेतली आणि परत माझ्याच हातात दिली.

ड्रोनचा एक पंख मोडला. तो ह्यांनी बदलून दिला. कॅमेरा शाबूत होता आणि त्यानं सगळं टिपलं होतं. खाली मी, पदर खोचलेली. मग गोफण गरगर. मग खडा. मग आभाळ उलटंपालटं आणि शेवटी अगदी जवळून माझी जुनी जांभळी साडी. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वारूळवाडीपर्यंत पोचला. मी बाजारात गेले तर भाजीवाला म्हणतो, "मावशी, नौदलात भरती व्हा." शेठजी म्हणाले, वहिनी, आता द्राक्षाबरोबर तुम्हालाच कंटेनरवर बसवून पाठवतो. मी सगळ्यांना उत्तरं दिली, पण हसण्यात जीव नव्हता. ॲपमधला समुद्र अजून निळाच होता. त्यावर बाण नव्हता.

मग एक दिवस हे बागेतून फोन डोक्यावर धरून पळत आले. ह्या वयात असं पळताना मी त्यांना फक्त बिबट्या दिसला तेव्हा पाहिलं होतं. फोनवर पोरगा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, आणि हसत होता.

"आई, ड्रोन पाडलंस म्हणं!"

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. मेल्या, मुडद्या, खोटारड्या, बापाशी संगनमत करतोस! तो ऐकून घेत राहिला. माझा दम संपल्यावर त्याचं हसू गेलं.

"आई, मी लई घाबरलो व्हतो गं," म्हणाला. "खिंडीत आमचं वायफाय बी बंद ठेवलं व्हतं. एकदा आवाज आला. लांबून. ब्लोअरसारखा. आला, आन मग आलाच न्हाई. त्याला कुणी पाडलं, का कुठं गेलं, काय कळलं न्हाई."

मग त्यानं एक फोटो पाठवला.

त्या समुद्रात लुटारूही असतात, म्हणून जहाजावर बुजगावणी उभी करतात, हे मला तेव्हा कळलं. कामाच्या जुन्या डगल्यांत चिंध्या भरायच्या आणि कठड्याशी उभी करायची. लांबून वाटावं, पहाऱ्याला माणसं आहेत. बाकीच्यांनी शिपाई केले होते, हातात बंदुकीसारखे पाइप दिलेले. त्यांच्या रांगेत एक बाई उभी होती. नारिंगी डगल्यावर चादरीचं पातळ. पदर कमरेला खोचलेला. एक हात वर, त्यात दोरखंडाची गोफण. डोकं रंगाच्या डब्याचं आणि त्यावर काळ्या ग्रीसनं काढलेल्या त्या भुवया.

"तुझा व्हिडिओ मला आत्ता मिळाला," पोरगा म्हणाला. "हे आधीचं हाय, खिंडीत शिरायच्या आदल्या दिवशीचं. कॅप्टननं विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझी आई. घरी हिला समदी पाखरं भितात. ड्युटीला जाताना समदी पोरं तिला सलाम करत व्हती."

"अरे, पर ड्रोनला कुठं कळतंय बुजगावणं?" हे म्हणाले.

"आलं का ते?" मी विचारलं. "न्हाई ना? मग गप बसा."

ह्यांनी तोंड फिरवलं. डोळे पुसत होते, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

"आई," पोरगा म्हणाला, "परतीची वाट बी तीच हाय."

ह्या वेळी त्यानं आधी मलाच सांगितलं. मी ओरडले नाही. फोटो मोठा करून पुन्हा पाहिला, अगदी डोळ्यांशी नेऊन.

"गाढवा," मी म्हटलं, "गोफण तिच्या डाव्या हातात दिलीयस. मी उजव्या हातानं मारते. परत खिंडीत शिरायच्या आत बदल."

"बदलतो," तो म्हणाला.