मेहुण्यांची राखाडी

राखाडी हा एकच रंग आहे असं अख्खी मुंबई मानते. आमचे मेहुणे सोडून. बायकोचे हे थोरले भाऊ फणसवाडीत राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांचा सगळा जीव माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या जुन्या राखाडी गाडीत अडकलाय. साधा पांढरा शर्ट घ्यायचा तरी ते दुकानदाराला कापडासकट फुटपाथवर उन्हात उभं करतात. आमच्या लग्नात फेटा शालूला शोभत नाही म्हणून अक्षता पडायच्या आधी त्यांनी मला तो बदलायला लावला. तेव्हापासून मी थकलेलोच आहे.

यंदा रिव्हर्स घेणाऱ्या एका टेम्पोने वाडीतच गाडीचा डावा दरवाजा चेपला. पत्रा सरळ झाला, पण रंग काही जुळेना. पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण नमुना म्हणून पिशवीत घालून मेहुणे कॉटन ग्रीनच्या गॅरेजात खेपा घालू लागले, आणि सोबत मी. पेंटर रंग कालवायचा, पत्र्याच्या तुकड्यावर फवारायचा. ओला असताना जुळलेला रंग वाळला की गडद व्हायचा आणि सावलीत पटलेला उन्हात भलताच दिसायचा.

"भावजी, खरं सांगा, हिरवट मारतोय ना?"

मला भूक लागलेली असायची. "किंचित, दादा," मी म्हणायचो, आणि आणखी एक दुपार जायची.

शेवटी पेंटर वैतागला. "काका, अख्खी गाडीच मारून घ्या ना! हा बघा तिचा खरा रंग," म्हणत त्याने दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी सोलली. खालची राखाडी चांगलीच गडद होती. बाहेरची ऊन खाऊन फिकी पडली होती. मेहुणे बघतच राहिले. मला वाटलं, सुटलो.

"ही ओळखीची नाही वाटत रे," ते हळूच म्हणाले. "बाबा रविवारी पुसायचे ती ही फिकी. तिच्याशीच जुळव."

पेंटरने माझ्याकडे बघितलं. मी बाकड्यावर जाऊन बसलो.

जुळला एकदाचा. गाडी वाडीत आली तेव्हा, सासरे गेल्यापासून तिच्यात पाऊल न टाकलेल्या सासूबाईंना आम्ही धरून खाली आणलं. चष्मा सारखा करत त्या गाडीभोवती फिरल्या आणि डाव्या बाजूला थांबल्या.

"हा दरवाजा जरा वेगळा दिसतोय का रे?"

बायकोने डोळे मिटून घेतले.

"हो आई," मेहुणे म्हणाले. "दिसतोय थोडा."

मग त्यांनी तोच दरवाजा उघडला, वर आपटू नये म्हणून सासूबाईंच्या डोक्यावर हात धरला आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या सीटवर सावकाश बसवलं.