पाठीवरचा चट्टा

परळीला राखेच्या विटा पाडायच्या कामावर मी आलो, तेव्हा सातवीतून शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. माझं गाव गोंदियाच्या पलीकडे, तळ्यांच्या मुलखात. इथं सगळं करडं. ताट, अंथरूण, थुंकीसुद्धा. थर्मल वीज केंद्राची राख अंगावर बसायची आणि खाज सुटायची, ते कामातच धरलेलं. शेडमध्ये पाण्याच्या रांजणाशेजारी खिळ्याला मलमाची एक ट्यूब कायम टांगलेली असायची. अंघोळ झाली की जो तो तिच्यातून बोटभर काढून चोळायचा. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नसे. एक संपली की मेडिकलमधून दुसरी यायची.

मांडीवर, पोटावर लालसर चट्टे उठले तेव्हा मी दवाखान्यासाठी सुट्टी मागितली. मुकादम तंबाखू मळत होता.

"राख हाय बे ती. समद्यांनाच होतं. तूच लई नाजूक लागून गेला का?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि ट्यूब लावली की चट्टे फिके पडायचे, त्यामुळं त्याचं खरंही वाटायचं.

पुढं मानेत, जांघेत गाठी आल्या. ताप उतरेना, पँट कमरेवर राहीना. मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो त्या खालांनी एक दिवस काही विचारलंच नाही. आपल्या मुलाला गॅरेज बंद करायला लावलं आणि दोघं मला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. नातं नाही, गोत नाही. तिथं रांगेत त्या माझ्या आईसारख्या भांडल्या. हे ऋण माझ्याच्यानं फिटणार नाही.

गाठ काढून तपासली. टी-सेल लिम्फोमा निघाला. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, रोगाशी लढणाऱ्या पेशीच बिघडल्यात, हा गाठींचा कॅन्सर. मग त्यांनी चट्ट्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, असे चट्टे कशानंही येतात, औषधानं येतात, जंतूनं येतात, राखेनंही येतील. पण हा रोगच कातडीत उतरला असेल तर तो किती पसरलाय ते वेगळं धरावं लागेल, औषधाचाही विचार तसा करावा लागेल. नुसतं बघून सांगता येत नाही, कातडीचा तुकडा काढून तपासायचा.

ज्या राखेला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्यासाठी मी वैजनाथाला नवस बोललो. गाठींचं झालं ते झालं, कातडीवरचं तेवढं राखेचं निघू दे.

तुकडा द्यायच्या दिवशी खाला म्हणाल्या, "बाईमाणसासमोर असं जाऊ नको बेटा, लावून जा." मी मांडीला मलमाचा जाड थर दिला. तिथलाच तुकडा घेतला. त्यात धड काहीच दिसलं नाही. मला वाटलं, सुटलो.

बाईंनी विचारलं, "अंगाला काय लावता?"

मी खिशातली ट्यूब काढून दिली. त्यांनी उलटसुलट करून वाचली. मग सावकाश म्हणाल्या, यानं कातडीवरचं सगळं दबून जातं. रोग तिथं असला तरी तुकड्यात नीट सापडत नाही. मला शर्ट काढायला लावला आणि खिडकीकडे पाठ करून उभं केलं.

पाठीवर काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताएवढा चट्टा होता, लालभडक, कडा उचललेल्या.

"इथं लावत नाही?"

"हात पुरत नाही."

"घरचं कुणी?"

शेडमधल्या लग्न झालेल्यांच्या पाठी त्यांच्या बायका चोळून द्यायच्या. मी म्हणालो, "घर लांब आहे."

त्यांनी पेनानं त्याच्याभोवती गोल काढला. तुकडा तिथून घेतला. गाठीत ज्या बिघडलेल्या पेशी होत्या, त्याच तिथं निघाल्या. बाहेर खालांनी माझं मनगट धरलं ते रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही. मलम लावून जा म्हणाल्याचं त्या अजून मनाला लावून घेतात. त्यांना काय बोल लावू?

मुकादमाकडे गेलो. म्हणालो, उपचार चाललेत तोवर राखेपासून लांबचं काहीतरी काम द्या, गेटवरचं चालेल. त्यानं एवढंच विचारलं, "राखेनं झालं असं लिवलंय का डॉक्टरनं?"

"नाही. कशानं झालं ते सांगता येत नाही म्हणाल्या."

त्याचा चेहरा सैल झाला. "मग राखेचा काय संबंध न्हाई. आमचा बी न्हाई. बघ बाबा तुझं तू."

मला सुट्टी हवी होती तेव्हा राख होती. आता नव्हती. रांजणाशेजारी नवी ट्यूब टांगलेली होती आणि एक जण पोटाला चोळत उभा होता. आधी दाखव, मग लाव, असं मी त्याला सांगितलं. तो मुकादमाकडे बघून हसला.

आता इंजेक्शनं चालू आहेत. चट्टे कमी होतात की नाही हे बघायला बाई दर खेपेला पाठ खिडकीकडे करायला लावतात. मला ती दिसत नाही, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघायला मान वळवतो, आणि त्या म्हणतात, सरळ उभे राहा.

आईचा फोन येतो. खाज गेली का रे, विचारते. मी सांगतो, राख आहे, सगळ्यांनाच होतं.