सासऱ्यांनी फरशी तापवली

पावसाळा सरला आणि माझ्या सासऱ्यांनी राहत्या घराचा हॉल फोडायला घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी, समोर कोबा फुटतोय, धूळ माझ्या चहात पडतेय आणि हे गृहस्थ घणाच्या दर ठोक्याला स्वतःच "वा!" म्हणताहेत. मी माहेरची नागपूरची, माझं डोकं लवकर तापतं. पण त्या दिवशी मला हसू आवरेना.

माझे सासरे हरिदास रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. मालगाड्यांच्या ब्रेकचे पाइप जोडण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि हात शिवशिवायला लागले. आधी त्यांनी कूलरला असा जोरदार पंप बसवला की पाणी थेट शेजारच्या शालिग्रामभाऊंच्या व्हरांड्यात जाऊन पडलं. मग मोगऱ्याला आपोआप पाणी घालणारी नळी केली आणि मोगरा कुजला. या खेपेला मात्र नुसती हौस नव्हती. प्रश्न आईंच्या गुडघ्यांचा होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, अंजनाबाई. दर पौर्णिमेला आमच्या हॉलमध्ये पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बाया बुद्धवंदनेला जमतात आणि आई पुढे बसून वंदना घेतात. आवाज असा खणखणीत की रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवून हात जोडतो. पण गेले दोन हिवाळे त्यांना खाली बसवेना. रायपूरची थंडी ती काय, असं बाहेरचे म्हणतात. त्यांनी डिसेंबरात आमच्या कोब्यावर बसून दाखवावं! सतरंजी टाकली तर गारवा त्यातून वर येतो आणि गुडघे आखडतात. गादी टाकली तर गुडघा रुततो, हाताला टेकू मिळत नाही आणि आईंना उठवायला दोघं लागतात. शेवटी आम्ही प्लास्टिकची खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून त्यांनी वंदना घेतली आणि त्या खणखणीत बाईचा आवाज एवढासा झाला.

"बुद्धाच्या समोर खुर्ची टाकून मी साहेबीण बनून राहिली," त्या मला म्हणाल्या. "ह्या थंडीत जमलं नाई तं वंदना पद्मिनीच्या घरी देऊन टाकतो. तिचे गुडघे चांगले हायेत."

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे ऐकलं. दोन दिवस ते मोबाइलवर कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या माणसाचे व्हिडिओ बघत बसले. तो माणूस फरशीखाली पाइप अंथरत होता. त्याचं बोलणं बाबांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पाइप कळत होता. तिसऱ्या दिवशी ते आईंसमोर उभे राहिले.

"यशदीपची माय, ह्या थंडीत तू खालीच बसशीन. मी फरशी गरम करतो."

"आता फरशीले फोडणी देता का?" आई म्हणाल्या.

कल्पना अगदी साधी होती. छतावर सोलरची टाकी होतीच. तिचं गरम पाणी फरशीखालच्या पाइपांतून हळूहळू फिरवायचं आणि पुन्हा वर पाठवायचं, म्हणजे जमीन कोमट राहते. शालिग्रामभाऊंना हे कळलं तेव्हा ते कंपाउंडच्या भिंतीवर रेलून पोट धरधरून हसले. "हरिदासभाऊ, रायपुरात फरशी गरम करून राहिले? मे महिन्यात या माह्या घरी, फुकटात गरम हाय!" बाबाही त्यांच्याबरोबर हसले आणि पुन्हा घण उचलला.

पाइप आणायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. यशदीप रायपूरजवळच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये आहे. मराठी त्याला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. एका संध्याकाळी पाइपाचं भलंमोठं भेंडोळं गळ्यात घालून तो मोटरसायकलवरून घरी आला. "पूरे रास्ते लोग पूछते रहे, भैया, बारात किसकी है," तो म्हणाला. बाबांनी ते भेंडोळं त्याच्या गळ्यातून असं काढलं, जसं काही जावई दारात आलाय.

मग आमचा संसार स्वयंपाकघरात आला. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो फ्रिजवर, टीव्ही पिठाच्या डब्यावर. हॉलमध्ये बाबांनी खाली थर्माकोल अंथरला, म्हणजे ऊब जमिनीत मुरून वाया जाऊ नये. त्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीला पाइप बांधत ते गुडघ्यांवर पुढे सरकत गेले, वीत वीत अंतर ठेवून, वळणं घेत. जोड एकही नाही. "जमिनीच्या आत जोड म्हणजे जमिनीच्या आत भांडण," हा त्यांचा नियम. पाइपात दाबाने पाणी भरलं, मीटर लावला, आणि वर सिमेंट पडत असताना हा माणूस त्या मीटरसमोर मांडी घालून बसला. काटा तसूभरही हलला नाही, म्हणजे गळती नाही, तर यांनी टाळ्या वाजवल्या. पुढेही रोज सकाळी उठल्याबरोबर पहिली नजर मीटरवर.

"माहं बीपी इतकं कधी पाह्यलं नाई ह्या माणसानं," आई म्हणाल्या.

सिमेंट वाळेपर्यंत पाणी तापवायचं नव्हतं, नाहीतर तडे गेले असते. त्यामुळे पौषातली पौर्णिमा आली तेव्हा फरशी पहिल्यांदाच तापणार होती. दुपारी बाबांनी पंप सुरू केला आणि ते छत, हॉल, छत, हॉल अशा खेपा घालत राहिले; जाड सिमेंट तापायला वेळ घेतं, फरशी अजून गारच लागत होती. पद्मिनीमावशींना आईंनी सांगूनही ठेवलं होतं, आज पाहू, नाही जमलं तर पुढची वंदना तुमच्याकडे.

आणि आता झाली ती गंमत ऐका. आमच्या घरात आलेल्या माणसाला उघड्या जमिनीवर बसवणं म्हणजे मोठी लाजेची गोष्ट. संध्याकाळी बाबा छतावर होते. तेवढ्यात आईंनी आणि मी, हो, मीही, रीतीप्रमाणे हॉल सजवला. पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली नवी जाड सतरंजी अंथरली, त्यावर दोन गाद्या, गाद्यांवर चादरी. फक्त दाराजवळची एक पट्टी चपला काढण्यासाठी उघडी ठेवली. आईंची खुर्चीही मांडली, कारण गादीवर त्यांना बसता येत नाही. फरशी तापवणाऱ्या माणसाची बायको आणि सून, दोघींच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही!

बाया आल्या, गाद्यांवर बसल्या, आणि हाताने चाचपू लागल्या.

"कुठं गरम हाय बाप्पा?" एकीने विचारलं.

बाबांनी गादीवर हात ठेवला. गार. त्यांचा चेहरा उतरला. शालिग्रामभाऊ दारातच होते, पण तेसुद्धा हसले नाहीत. बाबा पाना उचलून छतावर पळाले. आईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग पद्मिनीमावशींकडे, आणि डोळे खाली केले.

वंदना सुरू व्हायला उशीर होत होता, कारण मागून आलेल्या बाया आतच येईनात. चार जणी दाराजवळच्या पट्टीवर उभ्या होत्या, मग सहा झाल्या, मग आठ. मी म्हटलं, "आत या ना, गाद्या रिकाम्या आहेत."

"नाई नाई, इथंच बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि जागच्या जागी पाय हलवत राहिल्या. शालिग्रामभाऊही चप्पल काढून त्यांच्यात घुसले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते.

आई वैतागल्या. "काहून दारात गर्दी करून राहिल्या?" म्हणत त्या अनवाणी तरातरा दाराशी गेल्या. त्या पट्टीवर त्यांचे पाय पडले आणि त्या थांबल्या. एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. मग आमच्या आईंनी, त्या सगळ्या बायांमध्ये, लहान मुलीसारखं खिदळायला सुरुवात केली.

"मोनाली! गाद्या उचल! सतरंजी उचल! सगळं उचल व पोट्टी!"

"आई, बायांना उघड्यावर बसवायचं?"

"हव! मी बसतो पयले, मग कोण काय म्हणते पाहू!"

मग जी धांदल उडाली! गाद्या डोक्यावरून अंगणात गेल्या, चादरीत कोणी गुंतलं, पद्मिनीमावशी हसता हसता सतरंजीसकट आडव्या झाल्या. आणि त्या ऊबदार, गुळगुळीत फरशीवर आई हात टेकत सावकाश खाली बसल्या. त्यांनी मांडी घातली, गुडघ्यांवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि त्रिशरण सुरू केलं. दोन हिवाळे हरवलेला आवाज त्या दिवशी घराबाहेर गेला.

छतावर बाबांना तो ऐकू आला. ते पाना हातात घेऊन धावत खाली आले आणि आधी त्यांची नजर रिकाम्या खुर्चीवर गेली. तिच्या पलीकडे, सगळ्यांच्या पुढे, खाली बसलेल्या आई त्यांना दिसल्या. वंदना मध्ये थांबवता येत नाही. आईंनी डोळे न उघडता शेजारच्या जमिनीवर दोनदा थाप मारली. बाबा पाना बाजूला ठेवून तिथे जाऊन बसले. हात जोडले तरी त्यांच्या डोळ्यांतलं पाणी लपेना, आणि माझंही.

वंदनेच्या शेवटचं साधू, साधू, साधू झालं तरी कोणी उठायचं नाव घेईना. खीर तिथेच वाटावी लागली. शेवटी आई उठू लागल्या तेव्हा मी आणि यशदीप सवयीने पुढे झालो.

"हात नोको देऊ," आई म्हणाल्या. तळवा फरशीवर रोवला, एक गुडघा उचलला, दुसरा उचलला, आणि उभ्या राहिल्या. मग बाबांकडे वळल्या. "अवो, उन्हाळ्यात ह्याच पाइपात बोअरचं पाणी फिरवलं तं फरशी थंडी होईन का?"

बाबांचे डोळे असे चमकले की आता पुन्हा काय फोडतात या भीतीने मी दचकलेच. "थोडीफार होईन," ते म्हणाले.

"मग ते खुर्ची शालिग्रामभाऊले देऊन टाका," आई म्हणाल्या. "आपल्याले आता नाई लागत."